सीमेपलीकडची रुग्णवाहिका : शेजारच्या शहरांनी आपत्कालीन सेवा वाटून घ्यायची कशी

तेरेखोलचा किल्ला आणि त्याच्या कुशीतला गाव गोव्यात आहे, पण नदीच्या पलीकडे. जमिनीने तो रेडीला, म्हणजे सिंधुदुर्गाला जोडलेला. केरीहून जायचं तर फेरीबोट, नाहीतर किरणपाणी-आरोंद्याच्या पुलावरून वळसा. तिथे रात्री अडीचला कुणाच्या छातीत कळ आली तर पेडण्याची गाडी लवकर पोचेल की शिरोडा-रेडीकडची, हे राज्याची हद्द बघून सांगता येत नाही. दक्षिणेला पोळ्यातही तेच, कारवार हाताशी आणि मडगाव लांब. दोडामार्गाला चित्र उलटं आहे. तिथला गंभीर रुग्ण ओरोसला नेण्यापेक्षा म्हापशाला किंवा बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला (गोमेकॉ) आणणं सोयीचं पडतं आणि लोक वर्षानुवर्षं तेच करत आले आहेत.

म्हणजे सीमा ओलांडणं रोज चालूच आहे, फक्त ते ठरवून होत नाही. नगरपालिकेचे मुख्याधिकारी, आरोग्य केंद्रांचे वैद्यकीय अधिकारी, देवस्थानं आणि ट्रस्ट यांच्या रुग्णवाहिका सांभाळणारे लोक यांच्यासाठी पुढची कामाची रीत आहे. तिच्यातलं एकच कलम कायम डोळ्यांसमोर ठेवा : हद्द ओलांडायची परवानगी फोन आल्यावर मागावी लागत असेल तर करार झालेलाच नाही असं समजा.

पहिलं काम : सीमा कोणती आणि सही कुणाची

गोव्यातल्या गोव्यात १०८ ची सेवा २००८ पासून राज्यपातळीवर एकाच यंत्रणेकडे आहे. त्यामुळे पणजी आणि म्हापसा, मडगाव आणि फोंडा यांच्यातली पालिकेची हद्द १०८ च्या गाडीला आडवी येत नाही. आडवी येते ती पालिका, पंचायत, देवस्थान, खाजगी इस्पितळ यांच्या गाड्यांना. ‘आमच्या वॉर्डापुरती’ म्हणून घेतलेली गाडी शेजारच्या पंचायतीत अपघात झाला तरी दारातच उभी राहते. हा गुंता स्थानिक ठरावाने सुटतो. दोन्ही पालिका किंवा पंचायती सारख्याच मसुद्याचा ठराव घेतात, गाडी कुणाच्या सांगण्यावरून हलेल ते त्यात लिहितात आणि गाडीचा क्रमांक व चालकाचा फोन १०८ च्या नियंत्रण कक्षाला कळवतात. ठराव घेताना ‘अध्यक्षांच्या परवानगीने’ हे शब्द येऊ देऊ नका. रात्री अध्यक्ष झोपलेले असतात.

राज्याची हद्द मात्र वेगळी गोष्ट आहे. महाराष्ट्राची १०८ सेवा २०१४ मध्ये सुरू झाली, तिचा चालक वेगळा आणि नियंत्रण कक्ष पुण्यात. कर्नाटकात ‘आरोग्य कवच’. सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतला विषय असल्यामुळे पेडण्याचे नगराध्यक्ष आणि बांद्याचे सरपंच यांनी हात मिळवून १०८ च्या गाड्या वाटून घेता येत नाहीत. सह्या दोन्ही राज्यांच्या आरोग्य खात्यांच्या लागतात आणि सेवा चालवणाऱ्या कंपन्यांना त्या करारात बांधून घ्यावं लागतं. जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे प्रमुख. मोठ्या दुर्घटनेत साधनं ताब्यात घ्यायचा अधिकार २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्राधिकरणाला दिलेला आहे, पण त्यावर रोजच्या छातीदुखीचा कारभार चालवू नये. स्थानिक पातळीवर तुम्ही करायचं ते हे : पुढच्या टप्प्यांतला तपशील तयार करून खात्याच्या टेबलावर ठेवायचा. कोरा प्रस्ताव वर्षभर फिरत राहतो. आकडे, नकाशा, फोन क्रमांक आणि मसुदा जोडलेला असेल तर निदान प्रश्न तरी विचारले जातात.

नकाशा किलोमीटरमध्ये नको, मिनिटांत हवा

सीमेलगतचा प्रत्येक वाडा एका वहीत घ्या आणि त्याच्यापुढे तीन प्रवासांच्या वेळा लिहा : आपल्या ठाण्यावरून गाडी किती मिनिटांत पोचते, पलीकडच्या ठाण्यावरून किती, आणि तिथून योग्य इस्पितळ किती. गाडी प्रत्यक्ष चालवूनच वेळ मोजा, फोनवरच्या नकाशाची वेळ घेऊ नका. दिवसा एकदा, रात्री एकदा, भर पावसात एकदा. चोर्ला घाट जूनमध्ये आणि जानेवारीत एकच रस्ता राहत नाही, अनमोड घाटात दरडीमुळे वाहतूक वळवावी लागते. राष्ट्रीय महामार्ग ६६ चं गणितही बदलत असतं. नवा जुवारी पूल आल्यावर दक्षिण गोव्यातून बांबोळीला पोचण्याची वेळ कमी झाली. उलट ऑगस्ट २०२४ मध्ये कारवारजवळचा काळी नदीवरचा जुना पूल कोसळला आणि तिथली भिस्त उरलेल्या पुलावर आली. म्हणून वहीतल्या वेळा वर्षातून दोनदा, मेअखेर आणि सप्टेंबरअखेर, पुन्हा मोजायच्या.

नियम साधा ठेवा. पलीकडची गाडी किमान पाच मिनिटं आधी पोचत असेल तर पहिली हाक तिला. फरक त्याहून कमी असेल तर आपलीच गाडी, कारण हद्दीपलीकडे निरोप देण्यातच दोन-तीन मिनिटं जातात. हा पाचाचा आकडा तुमच्या भागात चार किंवा सहा होईल, पण तो लिहिलेला असलाच पाहिजे. नियंत्रण कक्षात बसलेल्या मुलाला रात्री तीन वाजता ‘सोयीनुसार’ या शब्दाचा काहीच उपयोग नसतो.

फोन : सगळ्यात जास्त घोळ इथेच

टेलिकॉमच्या दृष्टीने गोवा महाराष्ट्र सर्कलमध्येच मोडतो. १०८ लावल्यावर कॉल कुठल्या कक्षाकडे जाईल हे मोबाइल कुठल्या टॉवरवर आहे आणि कंपनीने त्या टॉवरची जोडणी कुठे केली आहे यावर ठरतं. गोवा-महाराष्ट्र सीमेवरच्या पत्रादेवीच्या उतारावर उभा माणूस गोव्यात असतो, त्याचा फोन बांद्याच्या टॉवरवर असू शकतो आणि उत्तर पुण्याहून येऊ शकतं. हे चुकून होतं असं नाही, यंत्रणा तशीच बांधलेली आहे. त्यामुळे उपायही यंत्रणेतच करावा लागतो.

एक, दोन्ही कक्षांचे थेट दहा अंकी क्रमांक एकमेकांकडे हवेत, प्रत्येकी दोन, त्यातला एक लँडलाइन. गोव्याच्या कक्षातून १०८ लावून पुण्याचा कक्ष मिळत नाही, आणि हे पुष्कळांच्या ध्यानात ऐन वेळी येतं. दर सोमवारी हे क्रमांक लावून बघायचे, कुणी उचलला त्याचं नाव नोंदवायचं.

दोन, फोन करणाऱ्याला ‘तुम्ही तिकडे फोन करा’ असं कधीच सांगायचं नाही. ज्या कक्षाने उचलला त्याने रुग्णाचा माणूस लाइनवर ठेवूनच पलीकडच्या कक्षाला जोडायचं. पलीकडच्याने घटना क्रमांक, ठिकाण आणि ‘गाडी निघाली’ या तीन गोष्टी परत उच्चारेपर्यंत ती केस पहिल्या कक्षाचीच. नुसता फोन जोडून दिला म्हणजे केस स्वीकारली गेली, असं धरून दोन्ही कक्ष निर्धास्त बसतात आणि गाडी एकही निघत नाही. याचं उलट टोकही दिसतं, एकाच अपघाताला दोन्हीकडून तीन-तीन गाड्या. कारण लोक १०८, ११२ आणि महामार्गाचा १०३३ असे सगळेच क्रमांक फिरवतात. दोन्ही कक्षांनी सीमेपासून पाच किलोमीटरच्या आतली प्रत्येक गंभीर केस एकमेकांना लगेच कळवायची असा नियम ठेवला की हा दुहेरी धावा बराच कमी होतो.

तीन, गावांची नावं. केरी पेडण्यात आहे, सत्तरीत आहे आणि फोंड्यातही आहे. नागोवा बार्देशातही आणि सासष्टीतही. शिरोडा तर एक फोंडा तालुक्यात आणि दुसरं वेंगुर्ल्यात, म्हणजे दोन राज्यांत! पुण्यातल्या किंवा बंगळूरच्या मुलाला हे ठाऊक असण्याचं कारण नाही. तेव्हा एकनाव गावांची यादी करून दोन्ही कक्षांच्या संगणकात चढवायची आणि प्रश्न ठरवून द्यायचा : ‘तालुका कुठला? जवळचं देऊळ, चर्च किंवा तिठा कुठला?’ फोनवरून ठिकाण पाठवता आलं तर उत्तमच, पण चोर्ल्याच्या वळणांवर नेटवर्क नसतं हे लक्षात ठेवा. तिथे किलोमीटरचा दगड हाच पत्ता.

कुठल्या केस वाटून घ्यायच्या

सगळ्या नव्हे. हृदय बंद पडणं, छातीत दुखणं, श्वास लागणं, पक्षाघाताची लक्षणं, मोठा रक्तस्राव, अपघातात अडकलेला माणूस, प्रसूती सुरू झालेली बाई, बुडालेला, सर्पदंश. एवढ्या प्रकारांत जवळची गाडी धावेल, मग ती कुणाचीही असो. सर्पदंशात एक जास्तीची पायरी आहे. निघतानाच इस्पितळाला फोन करून सर्पविषावरच्या इंजेक्शनच्या किती कुप्या शिल्लक आहेत ते विचारायचं. सुरुवातीच्या मात्रेलाच आठ ते दहा कुप्या लागतात, दोन कुप्या असलेलं जवळचं केंद्र उपयोगाचं नाही.

वाटणीतून बाहेर ठेवायचे ते एका इस्पितळातून दुसऱ्यात न्यायचे रुग्ण. शेजारधर्माचे करार बहुतेक वेळा इथेच मोडतात. ‘गोमेकॉला पाठवा’ असा शेरा मिळालेला रुग्ण घेऊन गाडी निघते, बांबोळीच्या दारात ट्रॉली मिळेपर्यंत थांबते, परत फिरते, आणि तेवढे तीन-चार तास तिचं मूळ ठाणं उघडं पडतं. शेजारच्याने दोन-तीनदा ही जागा भरून काढली की तिसऱ्या महिन्यात त्याचा फोन उचलला जात नाही. अशा नेआणीसाठी वेगळी गाडी, वेगळी वेळ, वेगळा हिशेब. आणि इस्पितळाच्या दारात वीस मिनिटांत रुग्ण उतरवून घेतला नाही तर कर्मचाऱ्याने थेट ड्युटीवरच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला फोन करायचा, हे करारात लिहा. बहुतेकदा अडतं ते ट्रॉलीवर. दोन जादा ट्रॉल्या ही या सगळ्या खटाटोपातली सर्वांत स्वस्त सुधारणा आहे.

गाडी हद्द ओलांडून गेली की मागची जागा कुणी भरायची याचा तक्ता आधीच लावून ठेवा. उदाहरणार्थ, पेडण्याची गाडी पलीकडे गेली तर म्हापशाची दुसरी गाडी कोलवाळला येऊन उभी राहील. तिथून ती दोन्हीकडे धावू शकते. ही साखळी दोन कड्यांपर्यंतच ठेवायची. म्हापशाची जागा पणजीने, पणजीची फोंड्याने असं करत गेलं तर सगळ्या गाड्या रस्त्यावर आणि एकही ठाण्यात नाही. आपल्या भागात शेवटची एकच गाडी उरली असेल तर शेजाऱ्याला नाही म्हणायचा हक्क राखून ठेवा. मात्र ‘नाही’ एका मिनिटाच्या आत सांगायचं. उशिरा आलेला होकारही तितकाच वाईट.

गाडी आणि सामान

परमिटची भीती विनाकारण घातली जाते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६६ मधल्या पोटकलम ३ नुसार फक्त रुग्णवाहिका म्हणून वापरल्या जाणाऱ्या वाहनाला परमिट लागत नाही. रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला कलम १९४ इ नुसार दहा हजार रुपये दंड, कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि हे कलम देशभर लागू आहे. अडचण येते ती गाडी कायमची पलीकडे तैनात केली तर, कारण बारा महिन्यांहून जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या वाहनाची तिथे नव्याने नोंदणी करावी लागते. कर्मचाऱ्यांचा अपघात विमा राज्याबाहेरही लागू आहे ना, हे पॉलिसी उघडून वाचा.

गाडीचा प्रकार विचारताना ‘मोठी की साधी’ असं विचारू नका. एआयएस-१२५ या मानकात चार प्रकार आहेत : अ म्हणजे प्रथम प्रतिसादाची, यात मोटरसायकलही येते, ब रुग्ण नेण्यापुरती, क मूलभूत जीवरक्षक, ड प्रगत जीवरक्षक. पलीकडून ‘ब’ येणार असेल आणि रुग्णाला मॉनिटर लागणार असेल तर ती गाडी पाच मिनिटं आधी पोचूनही उपयोग कमी.

ऑक्सिजनचा हिशेब चालकालाही तोंडपाठ हवा. सिलिंडरची पाण्याची क्षमता गुणिले गेजवरचा दाब. बी-प्रकारचा १० लिटरचा सिलिंडर १५० बार दाबावर भरलेला असेल तर सुमारे १५०० लिटर. तळाचे २० बार सोडून द्यायचे, म्हणजे हाती १३००. मिनिटाला १५ लिटर लावले तर ८६ मिनिटं, १० लावले तर १३०. अपेक्षित प्रवासाच्या दीडपट वेळ पुरेल एवढा साठा असल्याशिवाय निघू नका. चोर्ल्यातून बेळगावकडून येणाऱ्या गाडीला एक बी सिलिंडर पुरणार नाही, तिला ४६ लिटरचा डी हवा.

जोडण्यांची तपासणी कुणी करत नाही आणि तिथेच गाडं अडतं. छोट्या सिलिंडरांना पिन-इंडेक्सची जोडणी असते, मोठ्यांना बुलनोज. एका गाडीचा रेग्युलेटर दुसऱ्या गाडीच्या सिलिंडरवर बसेलच असं नाही. हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या डिफिब्रिलेटरच्या पॅडचे प्लग कंपनीगणिक वेगळे. स्ट्रेचरचं कुलूप दुसऱ्या गाडीच्या फरशीवर लागत नाही. दोन्हीकडच्या गाड्या एका दुपारी शेजारी उभ्या करा, एकमेकांचं सामान लावून बघा आणि न बसणाऱ्या प्रत्येक वस्तूसाठी एक जोडतुकडा किंवा एक जादा संच ठेवा. इस्पितळात राहून गेलेले स्पाइन बोर्ड (पाठीला आधार देणारी फळी) आणि स्कूप (दोन भागांत उघडणारं स्ट्रेचर) हा कायमचा भांडणाचा विषय. त्यावर गाडीचा क्रमांक रंगवा आणि ‘एक द्या, एक घ्या’ अशी अदलाबदल चालू ठेवा. मॉर्फिनसारखी अमली वर्गातली औषधं मात्र अदलाबदलीत नको. ज्याची नोंदवही, त्याचाच साठा.

उपचाराचा हुकूम कुणाचा

महाराष्ट्राच्या १०८ गाडीत डॉक्टर असतो, बहुधा आयुर्वेदाचा पदवीधर. गोवा आणि कर्नाटकाच्या गाडीत प्रशिक्षित तंत्रज्ञ असतो आणि डॉक्टर फोनवर. दोन्ही पद्धती चालतात, पण एकाच रुग्णापाशी दोन्ही गाड्या आल्या की कुणाचं ऐकायचं हा प्रश्न उभा राहतो. नियम असा ठेवावा : ज्या गाडीत रुग्ण आहे, तिच्या मूळ कक्षाच्या डॉक्टरचा हुकूम चालेल, हद्द कुठलीही असो. इस्पितळाच्या दारात रुग्ण सोपवला की तो हुकूम संपला.

सीमेवर गाडी बदलायचा मोह टाळा. कागदावर ते नीटस दिसतं, आमची गाडी पत्रादेवीपर्यंत, पुढे तुमची. प्रत्यक्षात रस्त्याकडेला रुग्ण हलवण्यात आठ-दहा मिनिटं जातात, सलाइन निघतं, नळी सरकते, पावसात पांघरूण भिजतं. एकच अपवाद आहे. साध्या गाडीत रुग्ण बिघडत असेल तर प्रगत गाडी वाटेत गाठावी, पण तेव्हाही रुग्ण हलवायचा नाही. प्रगत गाडीतला माणूस मॉनिटर आणि औषधाची पेटी घेऊन रुग्णाच्या गाडीत चढतो, आणि त्याची गाडी मागून येते.

इस्पितळ निवडताना ‘जवळचं’ आणि ‘योग्य’ यांत गल्लत होते. हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यात, ईसीजीत तशी खूण दिसत असेल तर, रक्ताची गाठ विरघळवणारं औषध मिळेल त्या जवळच्या केंद्रावर ते देऊन मग पुढे बांबोळीला नेणं योग्य. अशा झटक्यांसाठीचं गोव्यातलं ‘स्टेमी’ प्रकल्पाचं जाळं याच तत्त्वावर उभं आहे. डोक्याला जबर मार असेल तर मधल्या केंद्रावर थांबून वेळ घालवू नका, फक्त श्वासाची वाट बंद होत असेल तर थांबा.

कागद, पोलीस आणि पैसे

रुग्ण सोपवताना सहा गोष्टी याच क्रमाने सांगायच्या : वय, घटनेची वेळ, कसं घडलं, काय इजा, आताची लक्षणं, काय उपचार दिले. तीस सेकंदांत होतं. कागदाची एक प्रत इस्पितळात, एक गाडीत. तारीख आणि वेळ चोवीस ताशी घड्याळाने.

अपघात गोव्यात, रुग्ण कारवारात, अशा केसमध्ये पोलीस हद्दीवरून हात झटकतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो आणि मग योग्य ठाण्याकडे वर्ग होतो. वैद्यकीय-कायदेशीर सूचना इस्पितळाने आपल्या हद्दीतल्या चौकीला द्यायची, घटनास्थळाचं ठाणं शोधण्याचं काम गाडीतल्या माणसांचं नाही. वाटेत मृत्यू झाला तर गाडी परत फिरवू नका. ठरलेल्या इस्पितळात न्यायचं, तिथला डॉक्टर मृत्यू घोषित करील. ‘हद्दीत परत आणा’ असा आग्रह कुणी धरला तर करारातलं कलम दाखवा. जखमीला आणून देणाऱ्या वाटसरूला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ अ चं संरक्षण आहे, त्याला जबरदस्तीने थांबवून ठेवायचं नाही.

रस्ते अपघातातल्या जखमींसाठी मे २०२५ पासून केंद्राची रोखरहित उपचार योजना आहे, सात दिवसांपर्यंत आणि दीड लाख रुपयांपर्यंत. इतर रुग्णांचं मात्र बघावं लागतं. २०१८ पासून गोमेकॉत परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लागू झालं आणि सीमाभागात त्यावरून मोठी आंदोलनं झाली. म्हणून नातेवाइकांना गाडी निघतानाच सांगा : आधार, रेशनकार्ड, योजनेचं कार्ड असेल ते घेऊन या. त्यासाठी गाडी थांबवू मात्र नका. तातडीचा उपचार नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केलं आहे.

दोन यंत्रणांमधला हिशेब फेऱ्यांवर ठेवा. तुम्ही आमच्याकडे किती आलात, आम्ही तुमच्याकडे किती. वर्षअखेरीस फरक दहा टक्क्यांच्या आत असेल तर कुणी कुणाला काही देणं लागत नाही. जास्त असेल तर आधी ठरवलेल्या प्रतिकिलोमीटर दराने फक्त फरकाची रक्कम. प्रत्येक फेरीचं बिल करायला बसलात तर बिलापेक्षा कारकुनीच महाग पडेल.

सराव आणि आढावा

शिरगावच्या लईराईच्या जत्रेला धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, सिंधुदुर्गातून आणि बेळगावकडूनही येतात. ३ मे २०२५ च्या पहाटे तिथे चेंगराचेंगरी झाली. अशा ठिकाणी पहिली पोचलेली गाडी रुग्ण घेऊन निघत नाही. ती तिथेच थांबते, तिच्यातला माणूस चालू शकणाऱ्यांना बाजूला करतो आणि उरलेल्यांना श्वास, नाडी व शुद्ध बघून रंगाच्या पट्ट्या बांधतो : लाल, पिवळी, हिरवी, काळी. पलीकडून आलेल्या गाड्या एका मोकळ्या जागेत थांबतात, बोलावल्याशिवाय पुढे येत नाहीत, आणि चालक किल्ली घेऊन उतरत नाही. सगळे जखमी एकाच इस्पितळात लोटायचे नाहीत. डिचोली, साखळी, म्हापसा आणि बांबोळी यांच्यात वाटणी कोण करणार, त्या एकाच माणसाचं पद आधी ठरलेलं हवं. हा सराव वर्षातून दोनदा करा, दुसरा रात्रीचा.

दर महिन्याला दोन्हीकडच्या लोकांनी अर्धा तास बसून चार टप्प्यांच्या वेळा बघायच्या : फोन ते गाडी निघणं, निघणं ते पोचणं, घटनास्थळी थांबणं, इस्पितळात सुटका. सरासरी काढू नका, ती दिशाभूल करते. दहापैकी नऊ केस किती मिनिटांच्या आत झाल्या ते बघा आणि दहाव्या केसची फाइल उघडा.

शेवटचं कलम पुष्कळदा विसरलं जातं. सेवा चालवणाऱ्या कंपनीचा ठेका संपतो, नवी कंपनी येते, नियंत्रण कक्षाचे क्रमांक बदलतात, गाड्यांची ठाणी हलतात आणि जुना करार फायलीत तसाच पडून राहतो. म्हणून ठेक्याच्या निविदेतच ‘शेजारील यंत्रणेशी झालेला करार नव्या ठेकेदारावर पहिल्या दिवसापासून बंधनकारक’ ही ओळ घाला, आणि बदलाच्या आधी तीस दिवस नवे क्रमांक पलीकडे लेखी कळवायची जबाबदारी एका ठरावीक पदावर टाका.